माळावरच्या झाडापासून शास्त्रीय नावापर्यंत : सोलापुरातल्या नवशिक्यांसाठी

पिवळा धोत्रा आणि काळा धोत्रा ही नावे ऐकली की ही एकाच झाडाची दोन रंगांतली रूपे असावीत असे वाटते. तसे नाही. पिवळा धोत्रा म्हणजे आर्जिमोन मेक्सिकाना. तो अफूच्या कुलातला, मूळचा अमेरिका खंडातला, देठ मोडला की पिवळा चीक येणारा. काळा धोत्रा म्हणजे दातुरा मेटेल, वांगी-टोमॅटोच्या कुलातला. दोघांचे विष वेगळे आणि उपचारही वेगळे. पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्याने १९९८ साली दिल्लीत लोकांच्या अंगावर सूज आली आणि मृत्यूही झाले. अशा वेळी डॉक्टरला ‘धोत्र्याचे बी’ एवढेच सांगितले तर काहीच कळत नाही. जगात कुठेही एकाच जातीला लागू पडेल असे नाव हवे, आणि ते नाव कशाच्या आधारावर दिले हे दुसऱ्याला तपासता यायला हवे.

हा लेख त्या दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. नाव पाठ करणे सोपे असते. समोरच्या झाडाला तेच नाव का, हे दाखवता येणे हे खरे काम. आम्ही वनस्पतींवर भर देत आहोत, कारण त्या पळत नाहीत, त्यांचा नमुना घरी वाळवता येतो आणि कायद्याच्या अडचणी तुलनेने कमी असतात. प्राण्यांचे नियम जिथे वेगळे आहेत तिथे ते सांगितले आहेत.

आधी पायऱ्या समजून घ्या

शाळेतला क्रम आठवा : सृष्टी, संघ (वनस्पतींत विभाग), वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास जातीसाठी वापरतात. मराठी पाठ्यपुस्तकांत मात्र प्रजाती ही वरची पायरी आहे आणि जाती ही सर्वांत खालची. या लेखात तोच अर्थ घ्या, नाहीतर पुढचे सगळे उलटे होईल.

नवशिक्याने सृष्टी आणि वर्ग यांवर फार वेळ घालवू नये. पाच सृष्टींची मांडणी व्हिटेकर यांनी १९६९ साली केली, वोस आणि सहकाऱ्यांनी १९९० साली तीन डोमेन (सृष्टीच्याही वरची पायरी) मांडले. हे माहीत असावे, पण माळावर त्याचा उपयोग नाही. उपयोगाची पायरी म्हणजे कुल. कुल ओळखता आले की हजारो जातींतून तुम्ही काही डझनांवर येता. वनस्पतींच्या कुलाचे नाव ‘एसी’ने संपते (फॅबेसी, पोएसी), प्राण्यांच्या कुलाचे ‘इडी’ने (बोव्हिडी, एलापिडी). नुसत्या शेवटावरून कळते की हे नाव कुलाचे आहे.

सोलापूरच्या आसपास आधी पाच कुले पक्की करा : शेंगांचे फॅबेसी, गवतांचे पोएसी, सूर्यफुलाचे ॲस्टरेसी, भेंडी-कापसाचे माल्व्हेसी आणि रुईचे अपोसायनेसी. पावसाळ्यानंतर माळावर दिसणारे बरेच काही यांतच सापडते.

सामान

दहापट मोठे दाखवणारे हातभिंग, छोटी कात्री, खुरपे, पेन्सिल (शाईचे अक्षर ओलाव्याने पसरते), १५ सेंटीमीटरची पट्टी, वही, जुनी वर्तमानपत्रे, नळीदार पुठ्ठ्याचे तुकडे, आणि सुमारे ४५ बाय ३० सेंटीमीटरच्या दोन लाकडी जाळ्या किंवा प्लायच्या फळ्या. फळ्या आवळायला दोन पट्टे. रसायनाची गरज नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर चांगल्या भिंगावर करा; पन्नास रुपयांच्या खेळण्यातल्या भिंगातून पुंकेसराचा तंतू सरळ आहे की वळलेला, हे दिसत नाही, आणि पुढे सगळे त्यावरच अडते.

कुठून घ्यायचे, कुठून नाही

नान्नजचे माळढोक अभयारण्य सोलापूरपासून जवळ आहे, म्हणून तिकडे जाऊन गवत उपटायचा मोह होतो. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यातून काहीही उचलू नका, गवताची काडीसुद्धा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि माळढोक, काळवीट दोघेही त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पक्षी, साप, सस्तन प्राणी यांच्या बाबतीत फोटो, आवाज आणि नोंद एवढ्यावर थांबा. घोणस की फुरसे हे ठरवायला साप हातात घ्यावा लागत नाही.

सरावाला शेताचा बांध (मालकाला विचारून), विजापूर रस्त्याकडेची पडीक जागा, हिप्परग्याच्या तलावाकडचा माळ पुरेसा आहे. दिवस निवडायचे तर सप्टेंबर-ऑक्टोबर. तेव्हा गवतांना तुरे असतात आणि बऱ्याच झुडपांवर फूल आणि फळ एकत्र सापडते. मे महिन्यात निष्पर्ण फांदी आणून ‘ही काय?’ विचारण्यात अर्थ नाही.

नमुना : तरवडाचे उदाहरण

तरवड घ्या. सोलापुरात तो शोधावा लागत नाही आणि शिकवायला फार चांगला आहे.

१. जिथे कळी, उमललेले फूल आणि शेंग तिन्ही आहेत अशी ३० ते ३५ सेंटीमीटरची फांदी कापा. एकाच झुडपाच्या तीन फांद्या घ्या. एक तुमची, एक महाविद्यालयाची, एक वाळलेल्या वनस्पतींच्या मोठ्या संग्रहालयासाठी. वेगवेगळ्या झुडपांच्या फांद्या एका क्रमांकाखाली कधीही ठेवू नका.

२. कापण्याआधी फोटो काढा : पूर्ण झुडूप, साल, पान वरून, पान खालून, देठाच्या बुडाशी असलेली उपपर्णे, फूल समोरून, फूल बाजूने, शेंग. प्रत्येक जवळच्या फोटोत पट्टी दिसली पाहिजे. फुलाचा एकच सुंदर फोटो आणि बाकी काही नाही, ही सर्वांत सामान्य चूक. त्या फोटोवरून तरवड आणि त्याची भावंडे वेगळी करता येत नाहीत.

३. वाळल्यावर जे नाहीसे होईल ते जागेवरच लिहा : फुलाचा रंग, वास, चीक, झुडपाची उंची, खोडाची ठेवण. तरवडाचे पिवळे फूल दाबात तपकिरी पडते. रुईचा चीक दुसऱ्या दिवशी उरत नाही.

४. ठिकाण इतके नेमके लिहा की दुसरा माणूस तिथे पोहोचेल. ‘सोलापूर’ पुरत नाही. गाव, तालुका, रस्त्यापासून दिशा आणि अंतर, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, जमीन काळी की मुरमाड, शेजारी काय उगवले आहे. तारखेत महिना शब्दात लिहा. ५-९ म्हणजे पाच सप्टेंबर की नऊ मे, यावरून संग्रहालयांत वर्षानुवर्षे डोकेफोड होते.

५. संग्रह-क्रमांक द्या. १ पासून सुरू करा आणि आयुष्यभर चालू ठेवा. दरवर्षी पुन्हा १ पासून सुरू केले की दोन नमुन्यांचा एकच क्रमांक होतो आणि पुढे कोणीच सोडवू शकत नाही असा घोळ तयार होतो. नाव माहीत नसले तरी क्रमांक द्यायचा. नाव नंतर बदलेल, क्रमांक बदलणार नाही.

६. त्याच दिवशी दाबा. वर्तमानपत्राच्या घडीत फांदी पसरा, एक-दोन पाने उलटी करून ठेवा म्हणजे खालची बाजू दिसेल. एखादे फूल उघडून पसरा. फांदी लांब असेल तर इंग्रजी व्ही किंवा एन अक्षरासारखी मोडून बसवा, तुकडे करू नका. दोन घड्यांमध्ये पुठ्ठा. मग फळ्या लावून पट्टे घट्ट आवळा.

७. पहिला कागद चोवीस तासांच्या आत बदला आणि पुढचे चार-पाच दिवस रोज. सगळ्यांना कंटाळा इथेच येतो आणि बहुतेक नमुने इथेच वाया जातात. पावसाळ्यात ओला कागद तसाच राहिला तर तिसऱ्या दिवशी बुरशी धरते आणि पाने काळी पडतात. हिवाळा-उन्हाळ्यात सोलापूरच्या कोरड्या हवेत आठवडाभरात काम होते, पण दाब थेट उन्हात ठेवू नका. पाने ठिसूळ होऊन पर्णिका (एका पानातली छोटी पाने) गळतात. नमुना उचलल्यावर लवला नाही आणि गालाला गार लागला नाही, म्हणजे वाळला.

निवडुंग, शेर, शिंदळमाकडी अशा मांसल झाडांचे मात्र वेगळे. ती दाबातसुद्धा जिवंत राहतात, कधी नवी पालवी फोडतात आणि मग सांध्यांतून गळतात. फुले काढून बाजूला ठेवा आणि बाकी भाग अर्धा-एक मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून मग दाबा. फुले ७० टक्के अल्कोहोलमध्ये वेगळी ठेवली तर उत्तम. शेराचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

८. वाळलेला नमुना ४२ बाय २८ सेंटीमीटरच्या जाड कागदावर दोऱ्याच्या टाक्यांनी आणि कागदी पट्ट्यांनी बसवा. सेलोटेप नको, ती दोन-तीन वर्षांत पिवळी होऊन सुटते. कीड मारायला जुन्या पद्धतीत पाऱ्याचे क्षार वापरत. ते घातक आहेत, घरी अजिबात नको. नमुना प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवला की भागते. पिशवी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर नमुन्यावर दव धरते.

पुढे डीएनए तपासणीची शक्यता वाटत असेल तर दोन-तीन ताजी, निरोगी पाने वेगळ्या पाकिटात सिलिका जेलमध्ये ठेवा, पानाच्या वजनाच्या दहापट जेल. हिरवी बुरशी आलेल्या पानातून बुरशीचाच डीएनए निघतो.

ओळख : काटेरी झाडांचा तक्ता

ओळखतक्ता म्हणजे प्रत्येक पायरीवर दोन विरुद्ध पर्याय. एक निवडायचा आणि त्याने सांगितलेल्या पायरीवर जायचे. सोलापूर परिसरातल्या सामान्य काटेरी झाडांसाठी हा छोटा तक्ता सरावाला घ्या :

१. पान साधे, बुडापासून तीन ठळक शिरा, खालची बाजू पांढरट, लवदार : बोर (झिझिफस मॉरिशियाना).
पान संयुक्त, म्हणजे पर्णिकांचे बनलेले : २ पाहा.

२. एका पानात पर्णिका फक्त २ किंवा ४ : ३ पाहा.
पर्णिका पुष्कळ आणि बारीक : ४ पाहा.

३. पर्णिका २, काटे एकेकटे, जाड, हिरवट : हिंगणबेट (बॅलॅनाइटिस).
पर्णिका ४, दोन-दोनच्या जोड्यांत. काटे जोडीने, आखूड : विलायती चिंच (पिथेसेलोबियम डल्से).

४. फुले लांबट कणसात : ५ पाहा.
फुले गोल गेंदात : ६ पाहा.

५. काटे आखूड, दोन पानांच्या मधल्या फांदीवर विखुरलेले : शमी (प्रोसोपिस सिनेरारिया).
काटे सरळ, पान जिथे फुटते तिथेच : वेडी बाभूळ (नेल्टुमा जुलिफ्लोरा, जुन्या पुस्तकांत प्रोसोपिस जुलिफ्लोरा).

६. गेंद गर्द पिवळे, पानाच्या बगलेत. साल काळपट, भेगाळलेली. शेंग दोन बियांमध्ये आवळलेली : बाभूळ (व्हॅचेलिया नायलोटिका).
गेंद फिकट पिवळट-पांढरे, फांदीच्या टोकाला मोठ्या झुबक्यात. साल फिकट : हिवर (व्हॅचेलिया ल्युकोफ्लिया).

दिसतो सोपा, पण घसरायला जागा आहेत.

पहिली घसरण पायरी १ वर. पर्णिका आणि पान यांत गल्लत झाली की सगळा तक्ता चुकतो. खूण पक्की आहे : पानाच्या बगलेत कळी किंवा अंकुर असतो, पर्णिकेच्या बगलेत कधीच नसतो. देठाकडे मागे मागे जा, अंकुर जिथे भेटेल तिथे पान सुरू होते.

दुसरी पायरी ४ वर. फुले नसतील तर पुढे जाता येत नाही. तेव्हा अंदाजाने पर्याय निवडू नका. दोन्ही वाटांनी जाऊन पाहा आणि साल, काटे, शेंग यांवरून जी वाट जुळत नाही ती सोडा.

तिसरी घसरण सर्वांत धोक्याची. तक्त्यात जे झाड नाही, त्यालाही तक्ता नाव देतो. देवबाभूळ (व्हॅचेलिया फार्नेसियाना) या तक्त्यात मुद्दाम घातलेली नाही. तिचेही गेंद गर्द पिवळे, म्हणून पायरी ६ वर तुम्ही तिला बिनदिक्कत बाभूळ म्हणाल. तिची शेंग मात्र फुगीर, जाड, जवळजवळ गोल छेदाची असते, मण्यांच्या माळेसारखी आवळलेली नसते. म्हणून तक्त्याने नाव दिले की काम संपत नाही. त्या जातीचे पूर्ण वर्णन उघडा आणि नमुन्याशी एकेक मुद्दा पडताळा : पर्णिकांच्या जोड्या, ग्रंथी, पुंकेसर, शेंगेची लांबी-रुंदी. तीन-चार मुद्दे ठार विरुद्ध जात असतील तर नाव चुकले आहे, झाड नाही.

मोठ्या तक्त्यांसाठी थिओडोर कुक यांची १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेली मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची अजूनही उपयोगी आहे. तक्ते आणि वर्णने उत्तम, नावे जुनी. भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे महाराष्ट्रावरचे खंड १९९६ ते २००१ दरम्यान निघाले. एकदलासाठी एक आणि द्विदलासाठी दोन. आमचा सल्ला असा की ओळख पुस्तकातून करावी आणि नाव आजच्या यादीत तपासावे.

मोबाइल ॲपने फोटोवरून सुचवलेले नाव हे फक्त सुरुवातीचे बोट दाखवणे आहे. ज्या जातींचे फोटो खूप आहेत त्यांच्याकडे ॲप झुकते, आणि आपल्या माळावरच्या गवतांचे फोटो फार नाहीत. प्रजातीपर्यंत बहुधा बरोबर येते, जातीवर विश्वास टाकू नका.

रुईवर हा सराव करून पाहा. सोलापुरात कॅलोट्रोपिस प्रजातीच्या दोन्ही जाती भेटतात. पाकळ्या पसरलेल्या किंवा मागे वळलेल्या, रंग एकसारखा जांभळट किंवा पांढरा, तर ती जायगँटिया. पाकळ्या उभ्या आणि फक्त टोकाला जांभळ्या, तर ती प्रोसेरा. पानांवरून ठरवायला गेलात तर चुकाल.

नाव तपासणे

तरवडाला जुन्या पुस्तकात कॅसिया ऑरिक्युलाटा म्हटले आहे आणि नव्यात सेन्ना ऑरिक्युलाटा. चूक कोणाची नाही. दोन शब्दी नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५३ साली त्याला कॅसियात घातले. बहाव्याच्या फुलात (कॅसिया फिस्टुला) खालच्या तीन पुंकेसरांचे तंतू लांब आणि बाकदार असतात. तरवडाचे तसे नसतात. या आणि इतर फरकांवरून आयर्विन आणि बार्नेबी यांनी १९८२ साली सेन्ना ही प्रजाती ठामपणे वेगळी केली. बहावा आणि तरवड दोन्ही फुलांवर असताना भिंगाखाली शेजारी ठेवून पाहा, वेगळे का केले ते कोणी न सांगता कळते.

तपासायची पद्धत : लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या यादीत मिळालेले नाव टाका. ते स्वीकृत आहे की समनाम (त्याच जातीचे आता न मानलेले दुसरे नाव), ते वर लिहिलेले असते. समनाम असेल तर स्वीकृत नावावर जा, मूळ नाव कोणते आणि ते कोणत्या साली छापले ते टिपा. मूळ पान बघायचे असेल तर ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’त जुने ग्रंथ मोफत आहेत. प्राण्यांसाठी ‘कॅटलॉग ऑफ लाइफ’ने सुरुवात करा. दोन याद्यांत मतभेद असेल, तर तुम्ही कोणती यादी मानली ते लिहून ठेवा. हिंगणबेटाचे तसेच आहे. भारतातल्या झाडाला कोणी बॅलॅनाइटिस इजिप्टियाका म्हणते, कोणी बॅलॅनाइटिस रॉक्सबर्घाय ही वेगळी जाती मानते.

नाव ठरते ते प्राधान्याने : वैधपणे छापलेले सर्वांत जुने नाव टिकते. वनस्पतींची मोजणी १ मे १७५३ पासून, प्राण्यांची १ जानेवारी १७५८ पासून. अपवाद असतात, आणि बाभूळ हा त्यातला गाजलेला. अकेशिया ही प्रजाती तुटणार हे स्पष्ट झाल्यावर ते नाव कोणत्या गटाकडे राहणार यावर मोठा वाद झाला. २००५ च्या व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये ते ऑस्ट्रेलियातल्या जातींना गेले, २०११ मध्ये मेलबर्नला ते कायम झाले, आणि आपली बाभूळ, जी जुन्या नावाची मूळ मानकरी होती, व्हॅचेलिया झाली. आम्हाला तो निर्णय आवडलेला नाही, पण नियम सर्वांनी पाळले तरच नावाला अर्थ राहतो, म्हणून लिहिताना व्हॅचेलियाच लिहा.

कडुनिंब पाहा. लिनियसने त्याला मेलिया अझाडिराक्टा म्हटले. १८३० साली जुस्यू यांनी त्याची स्वतंत्र प्रजाती अझाडिराक्टा केली. जुने विशेषण (नावाचा दुसरा शब्द) तसेच ठेवले तर नाव अझाडिराक्टा अझाडिराक्टा होते आणि वनस्पतींत असे दुहेरी नाव चालत नाही. म्हणून अझाडिराक्टा इंडिका. प्राण्यांत ते चालते : आपला नाग नाजा नाजाच आहे.

नाव लिहिणे

रोमन लिपीत प्रजातीचे पहिले अक्षर मोठे, जातीचे लहान, जातीचे नाव व्यक्तीच्या किंवा गावाच्या नावावरून असले तरी लहानच. छपाईत तिरपी अक्षरे. हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ. एकच सलग रेघ ही परीक्षेतली नेहमीची चूक. तीच प्रजाती त्याच लेखात पुन्हा आली तर आद्याक्षर पुरते, पण एकाच लेखात सेन्ना आणि झाडांची दुसरी ‘एस’वाली प्रजाती असेल तर पूर्ण लिहा.

नावापुढे नाव देणाऱ्याचे नाव येते. तरवडापुढे कंसात ‘एल.’ आणि मग रॉक्सबर्ग : म्हणजे विशेषण लिनियसचे, सेन्नात आणले रॉक्सबर्ग यांनी. प्राण्यांत कंसाचा अर्थ तोच, जाती मूळ प्रजातीतून हलली, पण हलवणाऱ्याचे नाव लिहीत नाहीत आणि साल लिहितात. माळढोक अर्डिओटिस निग्रिसेप्स, पुढे कंसात व्हिगर्स, १८३१. कारण व्हिगर्स यांनी त्याला ओटिसमध्ये घातले होते. कंस गाळला तर तुम्ही वेगळेच विधान करता, म्हणून तो सजावट समजू नका.

खात्री नसेल तर तसे लिहायची सोय आहे. प्रजाती पक्की, जाती नाही : प्रजातीपुढे ‘एसपी.’. एखाद्या जातीशी जुळते पण पडताळायचे राहिले : मध्ये ‘सीएफ.’. जवळची पण वेगळी वाटते : ‘ॲफ.’. एखाद्या गवताला ‘हेटेरोपोगॉन एसपी.’ असे प्रामाणिक लेबल चुकीच्या पूर्ण नावापेक्षा कितीतरी मोलाचे.

पिकांचे वाण या सगळ्याच्या बाहेर, वेगळ्या नियमांनी चालतात. ज्वारी ही सोर्घम बायकलर, आणि मोहोळला निवडलेली मालदांडी ‘एम ३५-१’ हे तिच्यातले वाण. वाणाचे नाव एकेरी अवतरणात, सरळ अक्षरांत : प्युनिका ग्रॅनॅटम ‘भगवा’. भगवा डाळिंब ही वेगळी जाती नव्हे. बागायतदारांशी बोलताना हे स्पष्ट असू द्या.

कुल का बदलते

डाळिंबाचे पूर्वी स्वतःचे प्युनिकेसी हे छोटे कुल होते. डीएनएच्या पुराव्यानंतर ते लिथ्रेसीत गेले, म्हणजे केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रातले झाड आणि अंगणातली मेंदी आता एका कुलात आहेत. रुईचे ॲस्क्लेपिएडेसी अपोसायनेसीत मिसळले. शेंगांच्या झाडांची तीन कुले करत, आता एक फॅबेसी आणि २०१७ पासून तिच्यात सहा उपकुले मानतात. आजचा नियम साधा आहे : गटात एका पूर्वजाचे सगळे वंशज यायला हवेत, काही वगळून चालत नाही. दिसण्यातले साम्य पुरावा म्हणून राहते, शेवटचा शब्द म्हणून नाही. जुने पुस्तक वापरताना एवढे बदल शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवले की रोजचे काम अडत नाही.

नवी जाती सापडली असे वाटले तर

बहुतेक वेळा ती नवी नसते. आपल्या पुस्तकात नसलेली, बाहेरून आलेली किंवा वेगळ्या जमिनीत खुरटलेली असते. आधी हे तपासा. त्याच ठिकाणी दुसऱ्या हंगामात पुन्हा जा. फरक एका झाडात आहे की सगळ्यांत, ते मोजा. निदान वीस झाडांची मापे घ्या आणि सरासरीबरोबर कमीत कमी व जास्तीत जास्त आकडेही लिहा. जवळच्या सर्व जातींचे मूळ वर्णन आणि प्रकार-नमुने पाहा. प्रकार-नमुना म्हणजे ज्या एका नमुन्याशी नाव कायमचे बांधलेले असते तो. नावाचा वाद झाला की निकाल त्या नमुन्याकडे पाहून लागतो, वर्णनातल्या शब्दांकडे नाही.

फरक टिकला तर वर्णन, जवळच्या जातीपासून वेगळेपणाचे नेमके विधान आणि मूळ प्रकार-नमुना कुठे ठेवला हे सर्व छापावे लागते. वनस्पतींचे वर्णन २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजीत चालते. बुरशीला २०१३ पासून नोंदणी क्रमांक सक्तीचा आहे. प्राण्याचे नाव फक्त ऑनलाइन नियतकालिकात छापायचे तर आधी झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद हवी. भारतातल्या जैवविविधता कायदा २००२ नुसार नव्या जातीचा नमुना नेमलेल्या संस्थेत जमा करावा लागतो. परदेशी तज्ज्ञाला नमुना पाठवायच्या आधी परवानगीची चौकशी करा, परस्पर पाकीट टाकू नका. फेसबुकवर किंवा वर्तमानपत्रात आधी नाव जाहीर करणे टाळा. वर्णनाशिवायचे ते नाव वैध ठरत नाही, नुसता गोंधळ वाढतो.

लेबल आणि पुढची वाट

उजव्या खालच्या कोपऱ्यात साधारण १० बाय ७ सेंटीमीटरचे लेबल : कुल, शास्त्रीय नाव कर्त्यासह, स्थानिक नाव जसे ऐकले तसे, ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, जमीन, वर्णन, तारीख, संग्राहकाचे नाव आणि क्रमांक, ओळख कोणी आणि केव्हा केली. पुढे कोणी नाव बदलले तर जुने लेबल खोडायचे किंवा काढायचे नाही. शेजारी नवी छोटी चिठ्ठी चिकटवायची, तीवर नवे नाव, ओळख करणाऱ्याचे नाव आणि वर्ष.

अडलेला नमुना आधी जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. तिथे सुटला नाही तर पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, त्याच शहरात आघारकर संशोधन संस्थेचा संग्रह आहे. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर संग्रह आहे. जाण्याआधी पत्र किंवा ईमेल करून वेळ घ्या. दुसरी प्रत सोबत न्या आणि ती तिथेच ठेवायची तयारी ठेवा. वाळलेले पण न चिकटवलेले नमुने वर्तमानपत्राच्या घडीतच, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधून न्या, प्रत्येक घडीवर बाहेरून संग्रह-क्रमांक लिहा, आणि न्यायच्या आधी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. कीड लागलेला गठ्ठा कोणताही संग्रह दारातून आत घेत नाही.